बसकण

लक्ष्मणराव घरातल्या माणसांशी फारसे बोलत नसत. त्यांना जे काही बोलायचं असे ते टीव्हीशी. आमटीत मीठ कमी पडलं की ते बातम्या देणाऱ्या बाईला म्हणायचे, "बाई, तुमच्याकडं मीठ मिळत असंल तर धाडा जरा. आमच्या गावातलं संपलंय." मग पत्नी छबूबाई मिठाची बरणी त्यांच्या ताटाशी आदळायच्या. मुलगा शेखर सुटीच्या दिवशी ऊन डोक्यावर येईपर्यंत झोपला, तर संध्याकाळी हवामान सांगणाऱ्या माणसाला विचारणा व्हायची, "काय राव, तुमच्यात सूर्य उगवायचा बंद झाला का?" बोलणं टीव्हीला आणि लागायचं ज्याचं त्याला. टीव्ही येण्याआधी हेच ते बैलांशी बोलत. बैल गेले, टीव्ही आला, एवढाच फरक.

टीव्ही शेखरनं आणला होता. तो चाकणच्या एका कंपनीत कंत्राटावर लागला होता, गाड्यांचे सुटे भाग जुळवायच्या लाइनवर. मोहाटवाडीच्या वरच्या अंगाला लक्ष्मणरावांचं जे रान होतं, त्यावर दुसरीच एक कंपनी उभी राहिली होती. खालचं रान तेवढं उरलं होतं. आता त्या रानात जायचं तर कंपनीच्या भिंतीला पूर्ण वळसा पडे. एकदा छबूबाई भाकरीचं टोपलं घेऊन जुन्या सवयीनं गेटातून सरळ निघाल्या, तर गणवेशातल्या रखवालदारानं शिट्टी मारून त्यांना थांबवलं आणि टोपल्यावरचं फडकं उचलून पाहिलं. त्यांच्याच चिंचेच्या झाडाखाली. मुलगी पूनम तेव्हा मागंच होती. ती घरी येऊन काही बोलली नाही, पण त्या जानेवारीत टीव्हीवर संचलन बघताना पांढरी टोपी घातलेल्या सैनिक बायकांची रांग गेली, तशी ती म्हणाली, "आबा, मला ह्यात जायचंय."

लक्ष्मणराव टीव्हीला म्हणाले, "ऐकलं का? जागा ठेवा एक."

याचा अर्थ परवानगी मिळाली असा होता.

पूनम लेखी परीक्षा पास झाली. आता राहिली होती मैदानी चाचणी, म्हणजे पळणं आणि उड्या. ती पुण्यात व्हायची होती, पौष संपता संपता. त्यानंतर पूनम भरतीच्या वयात बसणार नव्हती. हीच पहिली आणि हीच शेवटची. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि म्हणून कुणी बोलत नव्हतं.

त्याच हिवाळ्यात टीव्हीवर तो कार्यक्रम सुरू झाला. कमांडो निवडतात कसे, ते दाखवणारा. छबूबाई त्याला चिखलाचा कार्यक्रम म्हणायच्या, कारण त्यातली माणसं सारखी चिखलात असत. छातीवर नंबराचं जाकीट घातलेली पोरं-पोरी थंड पाण्यात पडून राहत, खांद्यावर ओंडके घेऊन डोंगर चढत, तारांखालून सरपटत, आणि एक धिप्पाड उस्ताद त्यांच्या कानाशी ओरडत असे. मैदानाच्या कडेला एक लाकडी फळी होती, तिला खुंट्या मारलेल्या. ज्याला झेपत नाही त्यानं तिथं जायचं, आपलं जाकीट काढून खुंटीला अडकवायचं आणि निघून जायचं. कुणी अडवत नसे.

कुणीतरी लटपटत खुंटीकडं निघालं की लक्ष्मणराव मांडीवर थाप मारून ओरडत, "मारली! मारली बसकण!"

बसकण मारतो तो बैल. चढावर, भर ओझ्याला, जुवाखाली पाय दुमडून खाली बसतो, मग चाबूक तुटला तरी उठत नाही. असल्या बैलाला बाजारात गिऱ्हाईक नसतं. लक्ष्मणरावांनी उभी जवानी शर्यतीच्या बैलांमागं घालवलेली, त्यामुळं त्यांच्या शब्दकोशात याहून वाईट शिवी नव्हती. हळूहळू सगळं घरच ती द्यायला लागलं. पडद्यावरचा माणूस नुसता गुडघ्यावर टेकला तरी शेखर म्हणायचा, "आबा, हा मारतोय बघा," आणि पूनमही हसायची. सगळ्यांत मोठ्यानं तीच हसायची.

पूनम सकाळी राजगुरुनगरला सरावाला जात होती. तिथं उद्धवराव म्हणून सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ पोरींना फुकट शिकवायचे. सगळा तालुका त्यांना मेजर म्हणे. एक दिवस लक्ष्मणराव खत आणायला म्हणून गेले आणि वाट वाकडी करून मैदानावर डोकावले. पोरी सावकाश पळत होत्या. मग त्या थांबल्या. मग पाय ताणत गवतात बसल्या आणि चक्क भिजवलेले हरभरे खायला लागल्या.

"मेजर, आज सुट्टी हाय का?" लक्ष्मणरावांनी विचारलं.

"सुट्टी कशाची? काल पळाल्यात दाबून. आज हलकं."

"आन् उद्या?"

"उद्या पुन्हा पळतील. लक्ष्मणराव, हाडालासुद्धा येळ द्यावा लागतो."

"आमी बगतो की टीव्हीवर. तिकडं कुणी हरभरं खात न्हाई."

उद्धवराव हसले. "ते वेगळं. ते आत गेलेल्यांचं. आपल्याला आधी दारातनं आत जायचंय."

लक्ष्मणरावांना ते काही पटलं नाही. दारातून आत जायचं तर दार मोडण्याइतकी ताकद नको का? त्यांनी घरी येऊन टीव्हीला सांगून टाकलं, "हरभरं खाऊन फौजेत जाता येत असतं, तर आमच्या शेरड्या जनरल झाल्या असत्या." दुसऱ्या दिवसापासून पूनमचं राजगुरुनगर बंद झालं आणि बापाच्या हाताखाली घरचा सराव सुरू झाला.

तिला स्वतःलाही वाईट वाटलं नाही, हे खरं सांगायला हवं. बाप आपल्यासाठी पहाटे उठतो याचंच तिला अप्रूप. जो माणूस टीव्हीच्या आडून बोलतो, तो शीळ घालत, बॅटरी घेऊन आपल्या पुढं चालतोय, म्हणजे काय कमी झालं?

लक्ष्मणरावांनी गोणपाटाच्या पोत्यात ओली वाळू भरून त्याला सुती दोर लावले आणि ते तिच्या पाठीवर चढवलं. एमआयडीसीच्या नव्या रस्त्यावरून तिनं ते घेऊन पळायचं. डांबराचा कडक रस्ता, कडेनं कंटेनरच्या रांगा, ड्रायव्हर दात घासता घासता बघत आणि हॉर्न मारत. तिथून परत आली की नांगरलेल्या ढेकळांतून पळायचं. मग बांधाला ठिबकच्या नळ्या ताणून बांधलेल्या, त्यांच्याखालून कोपरांवर सरपटायचं. सरतेशेवटी मोटरचा पाइप तिच्या अंगावर. थंडीनं तिचे दात वाजायला लागले, की लक्ष्मणराव उस्तादासारखे कमरेवर हात ठेवून विचारत, "दमली का?"

"न्हाई!"

"मोठ्यानं!"

"न्हाई आबा!"

वस्तीवरची चारदोन माणसं भिंतीवर बसून बघत. कुणी म्हणे पोर करून दाखवणार, कुणी म्हणे म्हातारा येडा झाला. छबूबाई चुलीपुढून ओरडायच्या, "अवो, बाईमाणूस हाय ती! न्हाणीघर हाय घरात, पाइप कशाला मारताय?"

"ते टीव्हीवर..."

"टीव्हीवर बाया अर्धी कापडं घालून नाचत्यात. ते बी शिकवा मग!"

पण त्यांचं कोण ऐकतो. आणि दिवसभराचं काम तर संपतच नव्हतं. कांद्याची लागण आली होती आणि रोजंदारी देऊनही बायका मिळत नव्हत्या. सगळ्या कंपन्यांच्या कँटीनला आणि पॅकिंगला लागलेल्या. तिथं सावली होती, पंखा होता आणि गाडी दारात न्यायला येई. म्हणून घरच्या घरी. शेखरची पहिली पाळी असली की तो दुपारनंतर यायचा, बाकी सगळं तिघांवर. रोपं उपटायची, शेंडे छाटायचे, भिजल्या वाफ्यात वाकून एकेक रोप अंगठ्यानं दाबत मागं सरकायचं. पाय घोट्यापर्यंत गारठलेले, वर पाठ तापलेली. संध्याकाळी पूनम ताटावर बसली की तिच्या नखांत चिखल असायचा आणि टीव्हीवरच्या पोरांच्याही. लक्ष्मणराव त्यांच्याकडं बघून समाधानानं मान हलवायचे.

त्या पोरांत एक पोरगी होती, नऊ नंबरची. कुठल्याशा पहाडातली, बारीक चणीची, न बोलणारी. पहिल्या आठवड्यात ती पडली आणि तिचा घोटा सुजला. तिनं पट्टी गुंडाळली आणि ती पुन्हा ओंडक्याखाली शिरली. लक्ष्मणरावांचा जीव तिच्यावर बसला. ती पडद्यावर आली की ते घास हातात धरून ठेवत.

"बग रं शेखर," ते म्हणाले, आणि हे ते चक्क शेखरला म्हणाले, "पाय टम्म सुजलाय. पन बसली का? ह्याला म्हंत्यात जातिवंत."

पूनमच्या डाव्या नडगीत त्याच दिवशी सकाळी कळ आली होती. आधी सुईसारखी, मग पळताना पावलागणिक. तिनं आईचं जुनं लुगडं फाडून त्याची पट्टी केली आणि ट्रॅक पँटच्या आत आवळून बांधली. त्या वेळी ती शेखरच्या शेजारी बसली होती आणि नऊ नंबरचा घोटा बघत होती. तिला वाटलं, आता मीपण तीच. अशा वेळी माणसाला दुखण्याचासुद्धा अभिमान वाटतो.

अभिमान आठवडाभर टिकला. मग नुसतं दुखणं उरलं. पहाटे उठल्यावर पाय जमिनीला टेकवताना तिच्या डोळ्यांसमोर काजवे चमकत. ती चालताना दुखत नाही असं दाखवायला शिकली. पायऱ्या उतरताना हातात काहीतरी घ्यायचं, म्हणजे सावकाश उतरलं तरी चालतं. लागणीला उकिडवं न बसता गुडघा टेकायचा. छबूबाईंनी एकदा विचारलं, "अगं, अशी काय बसतीस?" तर म्हणाली, "कंबर भरून आलीय." कंबर सगळ्यांचीच भरून आलेली, त्यामुळं ते खपलं. आईला सांगावं असं तिला दोनदा वाटलं. पण आईला सांगणं म्हणजे आबांना सांगणं, आणि आबांना सांगणं म्हणजे रात्री ताटावर बसल्यावर ते टीव्हीला काय म्हणतील, ते तिला पाठ होतं.

ज्या सकाळी हे फुटलं, त्या सकाळी लक्ष्मणराव खालच्या रानात पाणी देत होते. आदल्या दिवशी लावलेला वाफा भरत आला होता. त्यांनी फावड्यानं पाण्याचा दंड फोडला, पाणी पुढच्या वाफ्यात वळवलं आणि बांधावर टेकले. समोर ओल्या मातीत पावलं उमटली होती. त्यांनी ती नुसती सवयीनं पाहिली. उजवं पाऊल टाचेसकट खोल रुतलेलं. डाव्याचा फक्त चवडा, तोही बाहेरच्या कडेवर, आणि पुढचं उजवं लगेच जवळच पडलेलं.

अशी चाल त्यांनी जन्मभर वाचली होती. बैल लंगडायच्या आधी त्याचा खूर सांगतो. डोळ्यांना दिसण्याआधी मातीला कळतं.

"कोन लंगडतंय आपल्यात?" ते छबूबाईंना म्हणाले आणि बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं, की पाऊल लहान आहे. छबूबाईंच्या टाचेला भेगा होत्या, ह्या टाचेला नव्हत्या.

पूनम वाफ्याच्या टोकाला रोपं छाटत होती. ते तिच्यासमोर जाऊन बसले आणि म्हणाले, "पाय दे."

"काय झालं?"

"डावा. दे हिकडं."

तिनं पाय पुढं केला. त्यांनी पँट वर सारली, पट्टी सोडली आणि पाऊल मांडीवर घेऊन अंगठा नडगीवरून खाली फिरवत आणला, अगदी सावकाश, बैलाच्या पायावरून फिरवत तसा. अर्ध्यावर हाड गरम लागलं. तिथं त्यांनी नुसता स्पर्श केला तर पूनमनं मूठभर रोपं चुरगाळली. ओरडली मात्र नाही.

"कवापास्नं?"

"झालं पंधरा दिवस."

"आन् पोतं घेऊन पळत व्हतीस?"

ती चुरगाळलेली रोपं सरळ करायला लागली.

"तोंड न्हवतं का तुला? बोलली का न्हाईस?"

पूनमनं पाय काढून घेतला. "तुमी म्हनला असता, मारली बसकण."

वाफा भरून वाहायला लागला होता, पाणी बांध ओलांडून कंपनीच्या भिंतीकडं निघालं होतं, आणि फावडं हाताशी असून लक्ष्मणराव उठले नाहीत. छबूबाईंनीच पळत जाऊन दंड बांधला.

चाकणच्या डॉक्टरनं फोटो काढला आणि उजेडावर धरून दाखवला. नडगीच्या हाडाला केसासारखी बारीक चीर. पडून झालेली नव्हे, डॉक्टर म्हणाला, रोज रोज त्याच जागी मार बसून झालेली. पळणं बंद, वजन उचलणं बंद. आणि असंच पळत राहिली तर एक दिवस हाड आरपार मोडेल, मग सळई घालावी लागेल. मैदानी चाचणी पुढच्या आठवड्यात होती. ते ऐकून डॉक्टरनं नुसते खांदे उडवले.

परतताना लक्ष्मणरावांनी रिक्षा राजगुरुनगरला वळवायला लावली. उद्धवरावांनी फोटो पाहिला, मग पूनमचा पाय पाहिला. सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत, त्याचा लक्ष्मणरावांना जास्त त्रास झाला.

"आवं लक्ष्मणराव, त्यांचं आख्ख्या दिवसाचं तुमाला पाऊण तासात दाखवत्यात," ते म्हणाले. "मधली झोप कापून टाकलेली असती. खाणं कापलेलं असतं. कॅमेऱ्याच्या मागं डॉक्टर उभा असतो, तो दिसत न्हाई. तुमी नुसता मार तेवढा उचलला."

वाईट हे, की लक्ष्मणरावांना यातलं काहीच नवीन नव्हतं. पळवलेल्या बैलाला दुसऱ्या दिवशी नदीत उभं करायचं, पायाला तेल लावायचं, शर्यतीच्या आधी चार दिवस जू दाखवायचंही नाही, हे त्यांनी गावाला शिकवलं होतं. त्यांचा पाखऱ्या नावाचा बैल होता. एका जत्रेत शर्यतीच्या घाटात, शेवटच्या बारीला म्हणजे फेरीला, गाडा जुंपून तयार असताना, त्याचा पुढचा पाय त्यांच्या हाताला गरम लागला, आणि त्यांनी भर गर्दीत बैल सोडला. लाउडस्पीकरवरच्या माणसानं खिल्ली उडवली, पोरांनी शिट्ट्या मारल्या, भावकीनं बोलणं टाकलं. ते एवढंच म्हणाले होते, "बैल माझा हाय." पुढच्या वर्षी त्याच घाटात पाखऱ्यानं पहिला नंबर काढला. ही गोष्ट त्यांनी पूनमला लहानपणी इतकी वेळा सांगितली होती, की तिला त्यातल्या शिट्ट्यासुद्धा पाठ होत्या.

त्या संध्याकाळी घरात पहिल्यांदाच बोलणं झालं. टीव्ही चालू होता, पण त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं.

"मी पळनार," पूनम म्हणाली. "एकदाच तर पळायचंय. गोळी घेऊन पळते."

"आमच्या लाइनवरची पोरं इंजेक्शन मारून क्रिकेट खेळत्यात," शेखर म्हणाला. "तेवढ्यापुरतं कळत न्हाई म्हनं."

"तू गप रं!" छबूबाई कडाडल्या. "हाड मोडल्यावर लाइन येनार हाय का तुझी उचलायला?" मग त्या नवऱ्याकडं वळल्या. "अवो, तुमी बोला की. पाखऱ्याला सोडलं व्हतं ना?"

पूनम म्हणाली, "आई, पाखऱ्याला पुढच्या जत्रेला जुंपलं. मला कुठं जुंपनार? माझं वय संपलं."

सगळे लक्ष्मणरावांकडं बघत राहिले. त्यांनी टीव्हीकडं बघितलं. हवामान सांगणारा माणूस थंडी वाढणार म्हणत होता. लक्ष्मणरावांनी त्यालाही काही सांगितलं नाही.

तेव्हा छबूबाईंचा बांध फुटला. "जन्मभर त्या डब्याला बोलत आलात. तुमी बोलता त्याला आन् लागतं माझ्या लेकरांना. आता पोर समोर बसलीय, तिला एक शब्द टाका. हो म्हना, न्हाई म्हना, कायतरी म्हना!"

लक्ष्मणराव उठून गोठ्यात गेले. तिथं आता एकच म्हैस होती. तिच्याशीही ते काही बोलले नसावेत, कारण आतपर्यंत आवाज आला नाही. भित्रा माणूस होता असं नाही. ज्यानं चूक केली त्यानंच निकाल द्यायचा, हे त्यांच्या गळी उतरत नव्हतं. पण ते सांगायलाही तोंड लागतं.

चाचणीच्या दिवशी बापलेक अंधारातच चाकणहून बसनं निघाले. पूनमनं गोळी घेतली होती. भोसरी, नाशिक फाटा मागं पडला. मैदानाच्या बाहेर पोरींची आणि आईबापांची ही गर्दी. कुणी सोलापूरकडचं, कुणी बीडचं, रात्री फुटपाथवर झोपलेले. गेटातून पोरींना तेवढं आत सोडत होते. पूनमनं बॅग बापाच्या हातात दिली.

"पाखऱ्याच्या येळंला..." लक्ष्मणराव म्हणाले आणि थांबले.

पुढचं काही येईना, तेव्हा ती आत गेली.

आत उंची मोजली, कागद तपासले, छातीला नंबर लावला. पोरींचा एक गट पळून येत होता, दुसरा रेषेवर उभा राहत होता. पूनमनं कडेला दोन उड्या मारून पाहिल्या. गोळीमुळं कळ दूर कुठंतरी गेल्यासारखी झाली होती, पण हाड आतून आपलं म्हणणं सांगत होतं. तिचा गट पुकारला. ती रेषेवर जाऊन उभी राहिली. शेजारची पोरगी देवाचं नाव घेत होती. पूनमला देव आठवला नाही. तिला आठवली घरातली संध्याकाळ, ताटं, आबांची मांडीवरची थाप. आणि तिला स्वच्छ कळलं, की आत्ता ती सैन्यासाठी पळणारच नव्हती. त्या थापेच्या भीतीनं पळणार होती. एवढ्यासाठी पाय मोडून घ्यायचा?

ती रेषेवरून मागं आली. पांढऱ्या टोपीची एक सैनिक बाई टेबलाशी उभी होती. पूनमनं पिना काढून नंबर तिच्यापुढं ठेवला.

"क्या हुआ?"

"पैर में क्रॅक है, मॅडम. हड्डी में."

बाईनं तिच्या पायाकडं पाहिलं, नंबर उचलून बाजूच्या खोक्यात टाकला आणि पुढच्या पोरीला हात केला. मागं शिट्टी वाजली. पूनमनं वळून बघितलं नाही.

लक्ष्मणराव गेटाच्या गजांना धरूनच उभे होते. एवढ्या लवकर ती चालत येताना दिसली तसे ते पुढं झाले.

"दिला नंबर काढून," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली. "चल."

बसमध्ये त्यांनी तिला खिडकीशी बसवलं आणि तिच्या डाव्या पायाला कुणाचा धक्का लागू नये म्हणून स्वतः आडवे उभे राहिले. मोशीजवळ जागा झाली तरी बसले नाहीत. पण चाकणपर्यंत एक शब्द नाही. पूनम खिडकीतून कंपन्यांच्या भिंती बघत आली. तिला वाटलं, आबांना लाज वाटत असणार. गावात काय सांगायचं, याचा विचार करत असणार. तिला रडू आलं ते दुखण्याचं नव्हतं.

घरी छबूबाईंनी काही विचारलं नाही. पोर दोन पायांवर चालत आली एवढं त्यांना पुरलं. उद्धवरावांचा शेखरला फोन येऊन गेला होता. पाय नीट झाला की मैदानावर पाठवा म्हणाले, पोलीस भरतीला वय आहे अजून. पूनमनं ते ऐकलं आणि बरं म्हणाली. पांढरी टोपी गेली ती गेलीच. त्यावर फुंकर घालायला कुणी गेलं नाही, हे बरंच झालं.

संध्याकाळी ताटं वाढली. शेखरनं सवयीनं टीव्ही लावला आणि नेमका चिखलाचा कार्यक्रम सुरू होता. त्याचा हात रिमोटकडं गेला, तशी पूनम म्हणाली, "राहू दे."

थोडीच पोरं उरली होती. पाऊस पडत होता आणि ती ओंडका घेऊन चढत होती. नऊ नंबर मधेच थांबली. ओंडका तिनं हळूच दुसऱ्याच्या खांद्यावर सोपवला आणि ती उतरायला लागली. उस्ताद तिच्या शेजारून चालत काहीतरी विचारत होता आणि ती नुसती मान हलवत होती. खुंट्यांची फळी आली. तिनं जाकीट डोक्यातून काढलं. पावसात हात वर नेऊन ती फळी चाचपडत राहिली. खुंटी तिला सापडेना.

शेखर भाकरीकडं बघत होता. पूनमनं मान खाली घातली होती आणि थापेची वाट बघत होती. आता वाजेल, आता वाजेल.

लक्ष्मणरावांनी हातातला घास ताटात ठेवला.

"बस पोरी," ते टीव्हीला म्हणाले. "बस जरा. लई पळालीस."

टीव्हीवरच्या पोरीला खुंटी सापडली. जाकीट लोंबकळत राहिलं.

"तुझ्यात काय खोट न्हाई," ते पुढं म्हणाले. "ज्यानं जुंपली त्यालाच अक्कल न्हवती. त्याला बैल कळत व्हतं, पोर कळली न्हाई." आणि त्यांनी उपरण्यानं तोंड पुसायला घेतलं ते बराच वेळ पुसत राहिले.

छबूबाईंनी नाक ओढलं. "ती तिकडं कुठं पहाडात. तिला काय ऐकू येतंय?"

"येतंय," पूनम म्हणाली. मग तिनं डावा पाय लांब केला आणि आबांच्या मांडीशी टेकवून ठेवला, आणि भाकरीचा तुकडा मोडला.